दीड हात कोसा

चंद्रपूर

कापडाचे फोटो काढणं हे माझं पोटाचं काम आणि भांडणं हे घरातून आलेलं. वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त असत, आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. आई कारखान्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी आडव्या सुताची नळी. ती संपली की माग थांबतो, पण कापडावर कांडीवालीचं नाव कधी येत नाही. हे मी पत्रकात नंतर वाचलं, घरात आधी पाहिलं.

पुण्यातल्या एका कंपनीला आपल्या वेबसाइटवर कोशाच्या कापडाचं नवं पान सुरू करायचं होतं. कोसा म्हणजे जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम. ते चंद्रपूर-गडचिरोलीकडे होतं. नमुन्यांचे फोटो, मागांचे फोटो आणि जमलं तर झाडावरच्या कोशांचे, एवढं काम घेऊन मी दिवाळीच्या आठ दिवस आधी निघाले.

चंद्रपुरात उतरले तेव्हा मला वाटलं होतं की पहिला दिवस सोपा जाईल. इथल्या एका दुकानदाराकडे सात नमुने जमा झाले होते. लॉजच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून मी कामाला लागले. दुपारी फोटो पुण्याला पाठवले तर कंपनीतल्या श्वेताचा फोन: पार्श्वभूमी पांढरी मागितली होती, राखाडी का? मी चादरीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. खाली लॉजच्या मॅनेजरकडे तक्रार केली तर ते हसतच सुटले. म्हणाले, "मॅडम, कोळशाच्या गावात पांढरं पाहाले आल्या का तुमी?" मग त्यांनीच घरून धुतलेल्या दोन चादरी आणून दिल्या आणि दर अर्ध्या तासाला त्या झटकायला स्वतः वर येत राहिले.

कंपनीचा नियम असा की प्रत्येक नमुन्याचे चार फोटो हवेत. एक समोरून, एक घडीचा, एक जवळून पट्टी ठेवून आणि चौथा बाजूनं उजेड टाकून. हा चौथा महत्त्वाचा. समोरच्या उजेडात सगळं कापड देखणंच दिसतं. बाजूनं उजेड पडला की गाठ, सैल ओळ, आडवं सूत घट्ट बसवणाऱ्या फणीचा कमी ठोका, सगळं उभं राहतं. आधी गिऱ्हाईकं माल परत पाठवायची, म्हणून हा नियम. मला तो आवडायचा. खोटं बोलता येत नाही असा तेवढा एकच फोटो.

नागभीडच्या पुढे

नागभीडला इक्बालभाई घ्यायला आले. त्यांचं घराणं कोशाच्या धाग्याचा व्यापार करतं आणि त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन आहे, जिचं दार आतून दोरीनं बांधावं लागतं. वाटेत धानाची शेतं पिवळी पडली होती. भिंतींवर दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे इथल्या जत्रेत, होणाऱ्या नाटकांची पोस्टरं लागली होती, रडणारी नायिका आणि पिस्तूल घेतलेला खलनायक. आमच्याकडे ऊस दिसतो तसं इथे जंगल दिसतं, म्हणजे कुठेही मान वळवा. सकाळच्या कोवळ्या उजेडात फोटो काढायचा माझा बेत होता. इक्बालभाई म्हणाले, आठच्या आधी गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, वाघ फिरतोय. ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मला वाटलं ते एखाद्या तलाठ्याबद्दल बोलतायत.

गाडी थांबायच्या आधी त्यांनी मला नीट सांगून ठेवलं. या गावात पूर्वी घरोघर माग होते, आता दोन उरले. त्यातला एक दशरथभाऊंचा. त्यांचा नमुना पास झाला तर कंपनी वर्षभराचं काम देणार होती. नाही झाला तर माग उचलायचा आणि मुलाकडे नागपूरजवळच्या बुटीबोरीला जायचं, असं घरात ठरलं होतं. मुलानं खोलीही पाहून ठेवली होती. "भाऊ काई बोलत नाई," इक्बालभाई म्हणाले, "लेकिन बाई गेली तं एक महिना नाई जगत तिथी."

बाई म्हणजे दशरथभाऊंच्या पत्नी, सुलोचनाबाई. आमच्याकडे एखादीला नुसतं 'बाई' म्हटलं तर ती कपाळाला आठ्या घालते. इथे तो मान आहे. त्यांनी मला हात-पाय धुवायला पाणी दिलं, तांदळाची भाकर आणि झिंग्यांची चटणी वाढली, आणि मी दुसऱ्यांदा भात नको म्हणाल्यावर माझ्या तब्येतीची चौकशी केली. इथे भात नाकारणारा माणूस आजारीच असतो.

माग आतल्या खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला. दशरथभाऊ पासष्टीचे, ताठ, उजवा खांदा किंचित खाली. कपाटातून त्यांनी दोन मीटर कापड काढलं. मधाचा रंग, पण मधासारखा चकाकणारा नाही. हात लावला तर थोडं खरबरीत, मग मऊ. मी यंत्रमागाच्या गावची. तासाला चार-पाच मीटरच्या हिशेबानं कापड सुटताना मी पाहिलंय आणि त्याचा आवाज झोपेतही ऐकलाय. हे कापड हातात घेतल्यावर मला ते खाली ठेववेना. दशरथभाऊंना ते आवडलं असावं. त्यांनी कंपनीचा अर्ज पुढे केला. विणकराचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, सगळं त्यांनी आधीच सुवाच्य अक्षरात भरलं होतं.

ओसरीवर काम मांडलं. गल्लीतली आठ-दहा माणसं जमली, शेजारचे मारोतीभाऊ तर घरून खुर्ची घेऊन आले. पहिले तीन फोटो झकास आले. चौथ्याला मी बाजूनं दिवा लावला, फोटो लॅपटॉपवर मोठा केला, आणि मला पट्टे दिसले.

वीतभर घट्ट विणलेलं, मग चार बोटं विरळ, पुन्हा वीतभर घट्ट. डोळ्यांना कापडात दिसत नव्हतं, फोटोत स्पष्ट होतं. भिंग लावून मी धागे मोजले. इचलकरंजीत वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही. एका कापडावर दोन माणसं आलटून पालटून बसली होती. एकाच्या हाताला जोर होता, दुसऱ्याच्या नव्हता. मी दशरथभाऊंच्या खाली आलेल्या खांद्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या सुलोचनाबाईंच्या मनगटांकडे.

इथे मी चूक केली. मला वाटलं, मी एक अन्याय रंगेहाथ पकडलाय. विणायचं बाईनं आणि नाव पुरुषाचं. लहानपणापासून वाचलेली सगळी पत्रकं एकदम माझ्या तोंडात आली. मी लॅपटॉप गल्लीकडे फिरवला आणि भर ओसरीवर बोलले की या कापडातलं जे चांगलं आहे ते सगळं सुलोचनाबाईंनी विणलंय, म्हणून अर्जावर नाव त्यांचं पाहिजे.

मारोतीभाऊंनी खुर्ची उचलली आणि धान कापायला माणसं पाहायचीत असं पुटपुटत घरी गेले. एकेक करून सगळे निघाले. दशरथभाऊ आत गेले. सुलोचनाबाईंनी माझ्यासमोरची चहाची बशी उचलली, अजून चहा होता तिच्यात.

"तुमाले कोनं सांगतलं होतं बोलाले?" त्या हळूच म्हणाल्या. "साऱ्या गल्लीले मालूम हाये. त्यायचा ठोका येगळा, माहा येगळा. घरात बसून लोकायले आयकू येते. दोन वर्सं झाले, मोहाच्या झाडावरून पडले तेवापासून. कोनं बोल्लं का आजवर?"

मी म्हणाले, पण काम तुमचं आहे.

"काम माहंच हाये. मी नाई म्हनलं का? आता सामोरून लाइट मारा न फोटो काढा न जा."

समोरून दिवा लावला असता तर पट्टे गेले असते. चौथा फोटो म्हणून तोच पाठवला असता तर श्वेताला कळलंही नसतं. माग राहिला असता, निदान पहिला माल परत येईपर्यंत. मी खरं सांगते, दिवा हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. खोटा फोटो पाठवला तर पुढे या दोघांचंच नाव खराब होणार, आणि खरा पाठवला तर आजच माग जाणार. वडिलांच्या कुठल्याही पत्रकात यावर काही लिहिलेलं नव्हतं.

सुटका दशरथभाऊंनी केली. ते चष्मा लावून बाहेर आले आणि म्हणाले, "पाहू द्या तो फोटो."

मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून वरून खाली मोजायला सुरुवात केली, जशी कोणी दुसऱ्याच्याच कापडाची तपासणी करावी. "हे तिची. हे माही. हे तिची. हे बी तिचीच." एका विरळ पट्ट्यावर ते थांबले. "इथी तं मी लयच खराब केलं वो."

"खांदा दुखत होता त्या दिवशी," सुलोचनाबाई दारातून म्हणाल्या.

"कापडाले काय सांगाचं, खांदा दुखते म्हनून?" ते म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी चष्मा धोतराला पुसला. "ताना हाये अजून मागावर. दीड हात निंगन. तू विन. एकटी."

नमुन्याला दीड हात पुरत होता. पण त्यानंतर ताणा, म्हणजे मागावर चढवलेलं उभं सूत, संपत होता. नवा ताणा चढवायचा तर दिवाळी उलटली असती आणि कंपनीची मुदतही. म्हणजे जे काही विणायचं ते एकदाच.

सुलोचनाबाईंनी ते सगळं मनात मोजलं असावं, कारण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "मी दिवसभर मागावर बसली तं कांड्या कोन भरन?"

इथल्या रिवाजानं माग पुरुषाचा आणि कांड्या बाईच्या. आमच्या कारखान्यातही कांडीवर बायकाच. दशरथभाऊ आत गेले आणि कांड्या भरायच्या रहाटाचं चाक फिरतं का ते पाहू लागले.

आरमोरीकडे

विणून व्हायला दोन दिवस लागणार होते, आणि त्या घरात माझं तोंड कोणाला दिसू नये हे बरं होतं. इक्बालभाईंनी मला गाडीत घातलं आणि वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात नेलं. आरमोरीच्या पुढे त्यांच्या ओळखीचे कोसा पिकवणारे, एरवी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे लोक आहेत. वाटेत त्यांनी माझी समजूत घातली नाही. फक्त म्हणाले, "मॅडम, तुमी गलत नव्हत्या. लेकिन टाइम गलत होता, न जागा बी." मग गाडी थांबवून दोघांसाठी गरम आलूभजे आणले. ते एवढे तिखट होते की मला रडायला कारण मिळालं.

ऐनाच्या झाडांचा तो पट्टा गावापासून मैलभर आत. पानापानावर बोटाएवढे हिरवे किडे, आणि काही फांद्यांवर कोसे लागायला लागलेले, देठाला टांगलेल्या करड्या अंड्यांसारखे. पाखरं पीक खातात, म्हणून माणसं गुलेल घेऊन दिवसभर राखण करतात. कडेला एक म्हातारे राखणदार बसले होते, दाढी वाढलेली, केसांना तेल नाही. पीक उतरेपर्यंत हे लोक दाढी करत नाहीत, मासळी खात नाहीत, घरी झोपत नाहीत. आणि बाईनं पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही. त्यांनी हात आडवा करून मला तिथेच थांबवलं.

आदल्या दिवशीचा चटका ताजा नसता तर मी तिथे सभाच घेतली असती. तरी मी विचारलंच, बाईच्या पायानं किडा मरतो असं तुम्हाला खरंच वाटतं का.

"नसन बी मरत," म्हातारे म्हणाले. "पन मी तुमाले जाऊ दिलं, न उद्या पाखरायनं पीक खाल्लं, तं गाव तुमचं नाव घेन. पाखराचं नाई."

ते मला पटलं नाही, आजही पटत नाही, आणि हे मी त्यांना सांगितलं. ते बरं म्हणाले. मग उठले, आत गेले आणि कोशांसकट एक फांदी तोडून आणून माझ्या हातात दिली. तो फोटो वेबसाइटवर सगळ्यात वर आहे. तो पट्ट्याच्या बाहेर, एका दगडावर काढलाय हे कोणाला कळणार नाही.

माझा खरा पराभव गावात झाला. मी तिथल्या बायकांना म्हणाले, तुम्हाला राग येत नाही? त्या एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. एक जण मासळी साफ करत होती. पुरुष जंगलात उपाशी असल्यासारखे राहतात आणि इकडे घरोघर मासळी शिजते, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"काऊन राग येन वो?" ती म्हणाली. "दोन महिने ते तिकडं सोताच्या हातानं रांधून खातेत. वर्सातून तेवढाच आमचा सन."

त्यांनी मला जेवू घातलं. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

परत नागभीडच्या पुढे

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली आणि मी इक्बालभाईंना गाडी बंद करायला सांगितलं. मला ऐकायचं होतं. मागाचा आवाज येत होता. ठक्, मध्ये श्वासाएवढी जागा, ठक्. सगळा एकाच हाताचा.

आणि दशरथभाऊ ओसरीवर बसले होते. आत नाही, परसात नाही, रस्त्याकडच्या ओसरीवर. पुढे रहाट, डाव्या हातात धागा, उजव्या हातानं चाक फिरवत होते. चाकाला जोर लागत नाही, तो खांदा तेवढं करू शकत होता. पायाशी टोपलीत भरलेल्या कांड्या होत्या. पहिल्या काही वाकड्यातिकड्या, नंतरच्या नीट. एका कांडीवर सूत इतकं फुगलं होतं की ती धोट्यात बसणार नव्हती. ती त्यांनी बाजूला ठेवली होती.

मारोतीभाऊ नाटकाच्या तालमीला निघाले होते. ते थांबले. आता काहीतरी बोलणार हे सगळ्या गल्लीला कळलं असावं, कारण समोरच्या दोन दारांत माणसं आली.

"काऊन गा दशरथ," ते म्हणाले, "बाईचं काम करून राह्यला?"

दशरथभाऊंनी चाक थांबवलं नाही. "माग तिचा हाये," ते म्हणाले. "मी तिच्या इथी कामाले हावो."

मारोतीभाऊ ओसरीची पायरी चढले, टोपलीतली एक कांडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले की सूत सैल गुंडाळतोस, घट्ट घे. आणि अर्धा तास तिथेच बसून शिकवत राहिले. त्यांना हे काम कसं येतं हे कोणी विचारलं नाही. गल्लीची ती रीत मला आता समजली होती.

संध्याकाळच्या आत कापड मागावरून उतरलं. मी बाजूनं दिवा लावला. या वेळी लॅपटॉप फक्त त्या दोघांकडे फिरवला. सुलोचनाबाई पाहायला तयार नव्हत्या, पदर तोंडाशी धरून भिंतीकडे पाहत होत्या. दशरथभाऊंनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं. ते कुठेही थांबलं नाही.

"साफ हाये," ते म्हणाले.

मग मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हातानंच ते बाजूला सारलं आणि नवा अर्ज मागितला. विणकराच्या रकान्यात त्यांनीच सुलोचनाबाईंचं नाव लिहिलं, तसंच सुवाच्य. ओळखपत्राच्या रकान्याशी पेन अडलं, कारण बाईंकडे विणकराचं ओळखपत्रच नव्हतं. मी तिथूनच श्वेताला फोन लावला आणि भांडले. त्या दौऱ्यात योग्य वेळी आणि योग्य जागी केलेलं ते माझं एकच भांडण. ओळखपत्रासाठी लगेच अर्ज करू म्हटल्यावर ती तयार झाली.

मी अर्ज घडी करणार तेवढ्यात सुलोचनाबाई म्हणाल्या, "त्यायचं नाव कुठी हाये?"

रकाना एकच आहे, असं मी सांगितलं.

"मंग खाली लिवा. कांड्या कोनं भरल्या ते."

मी पेन घेतलं. माझ्या आईनं बावीस वर्षं कांड्या भरल्या. देशातल्या कुठल्या कापडावर कांडीवाल्याचं नाव छापलेलं मी पाहिलं नाही, आणि वडिलांच्या पत्रकांतही तशी मागणी कोणी केलेली आठवत नाही. मी लिहिलं. अक्षर माझं वाईट आलं.

नमुना पास झाल्याचं कळवायला मी इचलकरंजीहून फोन केला तेव्हा तो दशरथभाऊंनी उचलला. वर्षभराचं काम मिळालं, वेबसाइटवर दोन्ही नावं आली, एकाखाली एक, हे मी त्यांना सांगितलं. मागून ठोका ऐकू येत होता. ते म्हणाले, बुटीबोरीची खोली मुलानं सोडून दिली. मग काही तरी अजून सांगायला लागले, खांद्याबद्दल की मंडईच्या नाटकाबद्दल, आणि मागचा आवाज बंद पडला.

"कांडी!" आतून सुलोचनाबाईंची हाक आली.

"बलावते," दशरथभाऊ घाईनं म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.